शिपायाचं पदक

आमच्या गावाला यायचं असेल तर रोह्याहून एस.टी. फाट्यापर्यंत आणून सोडते आणि पुढचा डोंगर ज्याचा त्याने चढायचा असतो. हल्ली अर्ध्या चढणीपर्यंत सिमेंटचा रस्ता झालाय. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी धाटावच्या कंपन्यांतली पोरं मोटारसायकली घेऊन वर येतात, खालच्या नदीचे फोटो काढतात आणि परत निघताना आईच्या देवळात डोकावतात. आई म्हणजे आमची गावदेवी. तिला दुसरं नाव नाही आणि आम्हाला कधी त्याची गरजही पडली नाही.

देवळात आईच्या उजव्या अंगाला एक काचेचं कपाट आहे. कपाटात शेंदराचे तीन जाड ढलपे मांडलेत आणि त्या ढलप्यांतून डोळे बघतात. चांदीचे, पितळेचे, शिंपल्याचे, आणि सगळ्यात आतल्या थराला दोन कवड्या. पोरं दचकतात. मग कोणीतरी धीर करून विचारतं, "मावशी, हे किती जुनं आहे?" कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे उत्तर द्यायचा मानही माझाच. मी सांगते, "माझ्या सासूपेक्षा जुनं." या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही, पण याहून खात्रीचं माझ्याकडे दुसरं नाही.

कपाटाच्या खालच्या फळीवर, एका कोपऱ्यात, दोन ओबडधोबड चकत्या ठेवल्यात. त्यांच्यापुढे काचेवर डिंकाचा पिवळा डाग आहे. तिथे पूर्वी एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "गडावरील शिपायाचे पदक (अंदाजे)". त्या कागदाचं काय झालं ते आता लिहून ठेवते, कारण ज्यांच्यापुढे हे सांगायला मला संकोच वाटला असता ती सगळी माणसं गेली.

मी मूळची पेणची. माझ्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराची पुढची ओसरी आणि मागची पडवी. माती मळणं, साचे भरणं, रंग देणं आणि शेवटी डोळ्यांची आखणी, हे सगळं घरातल्या पुरुषांनी करायचं अशी रीत. पण मी शाळेत असतानाच वडिलांचा हात थरथरायला लागला आणि आखणीचा ब्रश माझ्याकडे आला. डोळे काढणं म्हणजे गंमत नाही. एक डोळा कोणीही काढतो, त्याच्या जोडीचा दुसरा काढताना घाम फुटतो. मला ते जमायचं. जमतं याचा गर्वही होता आणि तो लपवायची अक्कल तेव्हा नव्हती.

माझा नवरा गावातल्या चार घरांचे गणपती न्यायला पेणला आला होता. मी आखणी करत बसले होते आणि तो बघत उभा राहिला. मी म्हटलं, "उजेड अडवू नका." तो बाजूला झाला आणि दुसऱ्या खिडकीचा उजेड अडवून उभा राहिला. पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. धाटावला तेव्हा कंपन्या नुकत्या सुरू होत होत्या आणि याला एका कंपनीत शिफ्टची नोकरी लागली होती, एवढं बघून वडिलांनी होकार दिला. गाव डोंगरावर आहे हे मला कोणीच बोललं नाही. वऱ्हाडाचा ट्रक गडबवरून, नागोठण्यावरून गाणी म्हणत मजेत आला. फाट्यावर उतरून मी वर पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड आपोआप बंद झालं.

घरात सासरे, सासूबाई आणि आम्ही दोघं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. लहान चणीच्या, कमी बोलणाऱ्या, पण मनात हसणाऱ्या. शेजारच्या घरात त्यांची थोरली जाऊ राहायची. तिला सगळा गाव काकी म्हणायचा, मीही म्हणायला लागले. काकी तरुणपणीच विधवा झालेली, अंगाने खडी आणि आवाजाने त्याहून खडी. या दोन जावांमध्ये एक जुनं दुखणं होतं. ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण ते कोणी लपवलेलंच नव्हतं.

झालं असं होतं की माझा नवरा दीड वर्षाचा असताना त्याला गोवर आला आणि त्यात त्याचे डोळे चिकटले. आठ दिवस उघडेनात. आत्यांनी भर देवळात, सगळ्यांच्या देखत नवस बोलला, "आई, माज्या लेकराचे डोळे उघड, तुला रुप्याचे डोळे वाहीन." डोळे उघडले. इतके उघडले की समोरच्या डोंगरावर चरणारी गुरं तो आजही मोजून सांगतो. पुढ्यात ठेवलेला चहाचा कप मात्र त्याला दिसत नाही. नवस फेडलेला कोणी पाहिला नाही. आईला नवे डोळे काही चढले नाहीत. आत्यांना कोणी विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, "दिलंय मी आईला. आईला ठावं हाय."

काकीला हे पटत नसे. गावात काहीही बिघडलं की तिच्याकडे कारण तयार असायचं. विहीर आटली, म्हैस आटली, वालाला कीड लागली, शाळेच्या छपराची कौलं उडाली, सगळ्याचं मूळ एकच. त्यातही एस.टी. हा तिचा खास विषय. सकाळी माणसं डोंगर उतरून फाट्यावर उभी राहिली आणि गाडी आलीच नाही, तर ती परत चढून येईपर्यंत काकी अंगणात येऊन उभी असायची. "येल कशी? कोनाचा तरी नवस राह्यलाय ना आईचा." नाव घ्यायची नाही. आत्या भांडी घासत असायच्या, त्या घासत राहायच्या. मला मात्र ते फार लागायचं. बाईला कोणी चोर म्हटलं तर ती भांडून घेते, देवीला फसवलं म्हटल्यावर तिने कोणाशी भांडायचं? माझी सासू खोटं बोलत नाही एवढं मला कळत होतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं.

सासऱ्यांनी या प्रकरणात कधी तोंड घातलं नाही, कारण त्यांचं तोंड दुसऱ्या कामात होतं. आपले पूर्वज समोरच्या गडावर पहाऱ्याला होते असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायचे. "आमी गडावरची मानसं," अशी सुरुवात व्हायची. पुरावा विचारला की ते गडाकडे बोट दाखवायचे. गड तिथे होता, हे कोणाला नाकारता येत नसे.

बायकोविरुद्ध त्यांची एकच तक्रार होती. तिने लग्नातलं एक जोडवं लावणीच्या चिखलात हरवलं होतं. त्यांच्या आईने दोन्ही सुनांना सारखी घडवून घातलेली रुप्याची जोडवी, दोन वेढ्यांची, जाड. तेव्हापासून आत्यांच्या एका पायात रुप्याचं जोडवं होतं आणि दुसऱ्यात बाजारातलं स्वस्त जर्मनचं. दरवर्षी लावणीला सुरुवात झाली की सासरे बांधावरून हटकून म्हणायचे, "पायाकडं बघा गो, नायतर भाताबरोबर जोडवी लावाल." बायका हसायच्या. आत्याही हसायच्या.

आता माझी करणी सांगते. नवरात्राच्या आधी आईला शेंदराचा नवा हात द्यायचा अशी आमच्याकडे रीत आहे. आजूबाजूच्या गावांत देवाला बायकांचा हात चालत नाही. आमच्या आईला बायकांचाच लागतो. दरवर्षी एका घराची पाळी. माझ्या लग्नाच्या वर्षीच पाळी आमच्या घरी आली आणि गावाने ठरवलं की पेणची सून आणलीय तर तिच्याच हातून होऊ दे. गावाने चढवलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

आई म्हणजे तांदळा. हात, पाय, नाक काही नसलेला उभा पाषाण. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून त्याला गाठी आल्या होत्या, खळगे पडले होते आणि चांदीचे डोळे एक वर एक खाली असे बसले होते. पेणच्या मुलीला हे बघवेना. रंग देण्याआधी मूर्तीचं अंग गुळगुळीत करून घ्यायचं, हा आमच्या कारखान्यातला पहिला धडा. शेंदूर तेलात कालवलेला असतो, म्हणजे तो तेलानेच मऊ होणार, असं मी डोकं लढवलं. घरातलं तिळाचं तेल कडकडीत तापवून तांब्यातून नेलं आणि पळीपळीने गाठींवर सोडलं. आईने ते पिऊन टाकलं. मी आणखी सोडलं, तेही गेलं. तांब्या रिकामा झाला तेव्हा, आता उद्या येऊन बोटांनी सारखं करू, असं म्हणून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाचा गुरव पळत आमच्या अंगणात आला.  धापा टाकत बोलला, "आई उघडी पडली."

जाऊन बघते तर शेंदराचं अख्खं कवच पुढे गळून पडलेलं, त्याचे तीन तुकडे झालेले, आणि मागे काळाभोर, गोल, तुळतुळीत दगड. तसले दगड खाली कुंडलिकेच्या पात्रात असतात, डोंगरावर नसतात. म्हणजे आमचे पूर्वज कधीतरी नदीकाठून तो धोंडा खांद्यावर घेऊन एवढं चढून आले असणार. पण हा विचार मला पुष्कळ नंतर सुचला. त्या वेळी मी एवढंच बघत होते की मला माहेरी पोचवायला किती माणसं येतील.  गुरवाने आधी रडून घेतलं, मग रोह्याला जाऊन एका जाणत्या भटजींना विचारून आला. त्यांनी सांगितलं की देवीने कवच सोडलं, हे फार शुभ, असं क्वचित घडतं. शिवाय नव्या सुनेचा हात लागला आणि सोडलं. एका दिवसात मी पायगुणाची सून झाले. बायका येऊन माझ्या पायांना हळद लावायला लागल्या. तेलाचं मी गावात कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सगळ्यांपुढे कबूल करते, आणि आईने एव्हाना माफ केलं असेल असं धरून चालते.

कवच नदीत सोडायचं ठरलं. त्याआधी सगळा गाव ते बघायला देवळात जमला. शाळेचे गुरुजी गावातच राहायचे, तेही आले. त्यांनी तुटलेली कड उजेडाला धरली, तर साटा लावलेल्या करंजीसारखे शेंदराचे पदर दिसायला लागले. काही केशरी, काही तांबडे, आतले काळपट. आणि पदरापदरात डोळे. नवे डोळे वाहिले की जुने शेंदराखाली जायचे आणि मग लोक ते विसरायचे. गुरुजी सुईने हळूहळू कोरत गेले आणि एकेक जोडी बाहेर यायला लागली. आमच्या गावाचा लिहिलेला कागद एक नाही. जे काही होतं ते हे, कोणाकोणाचे कधी कधी डोळे दुखले होते त्याचा हिशोब.

लोकांना भलताच जोर चढला. पितळेची जोडी खालच्या आळीने ओळखली, पणजोबांना रातांधळं होतं त्यांची. शिंपल्याची जोडी गुरवाच्या घराने सांगितली. कवड्या कोणाच्या यावर दोन घरांत जुंपली. तेवढ्यात काकी बोलली, "आता दिसल. कोनी दिलं नि कोनी नाय."

 मी आत्यांकडे बघितलं. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. पाच जोड्या निघाल्या आणि पाचही घरोघर वाटून झाल्या. आमच्या घराची एकही नव्हती. काकी यावर काहीतरी बोलेल म्हणून मी दात आवळून उभी होते. ती काहीच बोलली नाही, नुसतं आत्यांकडे बघून तोंड फिरवलं. तिच्या बोलण्याची मला सवय झाली होती, हे मला जास्त झोंबलं.

एवढ्यात गुरुजींच्या हातातल्या तुकड्याच्या अगदी खालच्या कडेवरून, जिथे आईचा चेहरा संपतो तिथून, एक चकती सुटून फरशीवर पडली. वाकडी, चेपलेली, काळवंडलेली. गुरुजींनी ती धोतराला पुसली. "ही एकच दिसते. आणि डोळ्याच्या जागी नव्हती. डोळा नव्हे हा."

सासरे गर्दीतून पुढे आले. त्यांनी चकती हातात घेतली, उलटीसुलटी केली. "पदक हाय ह्ये," ते बोलले. "गडावरच्या शिपायाचं." जन्मभर ज्या पुराव्यासाठी गडाकडे बोट दाखवलं तो आता त्यांच्या तळहातावर होता. त्यांचे डोळे भरून आले. चकती हातोहात फिरायला लागली आणि जो तो मान डोलवायला लागला.

फिरत फिरत ती माझ्याकडे आली. मी बघितलं. चेपलेल्या रुप्यावर एकाशेजारी एक दोन वेढ्यांच्या पुसट रेघा होत्या. मध्यभागी सुईच्या टोकाने ओरखडलेला एक ठिपका आणि त्याच्यावर कमान. बुबुळ आणि पापणी. ज्या हाताने आयुष्यात कधी डोळा काढला नाही त्या हाताचा डोळा कसा दिसतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी मान खाली घातली, तर समोर आत्यांचा पाय दिसला, जर्मनचं जोडवं असलेला. तो हळूच लुगड्याच्या काठाखाली गेला.

जोडवं चिखलात हरवलं नव्हतं. घरात दुसरं रुपं नव्हतं, म्हणून त्यांनी पायातलं काढून आईला दिलं होतं. माझ्या ओठांवर शब्द आले होते. एक वाक्य बोलले असते तर काकीचं तोंड कायमचं बंद झालं असतं. पण सासरे तिथेच उभे होते. जोडवं चिखलात गेलं तर ती चूक, माणूस चार दिवस रागावतो आणि नंतर थट्टा करतो. नवरा जिवंत असताना बाईने ते आपल्या हाताने पायातून काढलं, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो कोणी उच्चारतही नाही. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मान हलली की नाही इतकी हलली.

"पदकच दिसतंय," मी म्हटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी चुलीपुढे होतो. आत्या भाकरी थापत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "तिळाचं तेल कुठं गेलं गो?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"आईवर ओतलंस?"

"व्हय."

"कडत?"

"व्हय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. हसून हसून भाकरी करपली. मग डोळे पुसून बोलल्या, "तुजं तेल माज्या पोटात, माजा डोळा तुज्या पोटात. बास झालं."

मी विचारलं, एकच का दिलं. त्यांनी आधी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "दोनी काढली असती तर त्यांच्या नावाचं काय राह्यलं असतं? एक आईला, एक त्यांना. पाट्यावर ठेवून मीच ठोकलं. डोळ्यावर लावलं असतं तर दिसलं असतं, म्हनून खाली दाबलं, गुरव जेवाया गेलेला तवा. पन मी बोललेली डोळे. दोन. काकी काय खोटं नाय बोलत, अर्धा राह्यलाय माजा."

हे ऐकून मला सासऱ्यांचा राग आला, काकीचा आला आणि आत्यांचाही आला. पण पोटातलं पोटात ठेवलं, कारण माझंही तेल त्यांच्या पोटात होतं.

कवच नदीत गेलं नाही, ते सासऱ्यांमुळे. गावाचा एवढा मोठा पुरावा पाण्यात सोडायचा नाही म्हणून ते हटून बसले. गुरुजींनी त्यांना उचलून धरलं, की अशा वस्तू जपायच्या असतात. सुताराने कपाट केलं. काच रोह्याहून आणायची होती. ती माझ्या नवऱ्याने सेकंड शिफ्टला जाण्याआधी घेतली, कंपनीत लपवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.त मांडीवर घेऊन आणली. डोंगर चढताना ती त्याने डोक्यावर धरली होती आणि खालून बघणाऱ्यांना वाटलं ऊन चालत येतंय. ढलपे मांडले गेले, पदकाला वेगळी जागा मिळाली आणि गुरुजींनी कागद चिकटवला. "अंदाजे" हा शब्द त्यांनी घातला, सासऱ्यांना तो मुळीच मान्य नव्हता.

आत्यांना वाचता येत नसे. एक दिवस त्या मला देवळात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "काय लिवलंय ते वाच." मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांना हसू आवरेना. त्यानंतर अधूनमधून, काम उरकलं की त्या म्हणायच्या, "जरा शिपायाला भेटून येते." हळदकुंकू घेऊन जायच्या, काचेला लावायच्या आणि यायच्या. सासऱ्यांना वाटायचं की बायकोला अखेर घराण्याचा अभिमान वाटायला लागला.

अशी पुष्कळ वर्षं गेली. माझी मुलं झाली, शाळेला लागली. पाहुणे आले की सासरे त्यांना देवळात नेऊन पदक दाखवायचे आणि दरवेळी तो शिपाई थोडा अधिक शूर व्हायचा. एस.टी. चुकायची, काकी अंगणात येऊन तेच बोलायची, आत्या भांडी घासायच्या. मी एकदा न राहवून काकीला उलट बोलणार होते, तर आत्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गो. खरं बोलते ती."

मग सासरे गेले. म्हातारे झाले होते, सकाळी अंगणात उन्हाला बसले आणि बसल्याबसल्या गेले. माझा जीव होता त्यांच्यावर. त्यांच्याइतक्या आनंदाने थापा मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आत्यांच्या पायातली जोडवी काकीने काढली. काकीचा नवरा गेला तेव्हा तिची आत्यांनी काढली होती. आधी जर्मनचं निघालं, मग रुप्याचं. ते बोटात रुतून बसलं होतं, काकीने तेल लावून, फुंकर घालून सोडवलं आणि आत्यांच्या हातात ठेवलं. रडताना तिचा आवाज अजिबात मोठा नव्हता.

तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी आत्या मला म्हणाल्या, "पाटा धू गो."

मी पाटा धुतला. त्यांनी जोडवं त्यावर ठेवलं आणि वरवंटा माझ्या हातात दिला, त्यांच्या हातात तेवढा जोर राहिला नव्हता. मी ठोकलं. चपटं झाल्यावर सुई घेऊन ठिपका काढायला बसले, तर हात सवयीने रेखीव कमान आखायला निघाला. हजारो डोळे काढलेला हात. आत्यांनी वाकून बघितलं. "चांगला काढू नको," त्या म्हणाल्या. "माज्यासारखाच काढ, नायतर जोडी मोडल."

मी त्यांच्यासारखा काढला. किल्ली तेव्हा गुरवाकडे असायची. मी ती साफसफाईच्या नावाखाली मागून घेतली आणि पदकाच्या शेजारी दुसरी चकती ठेवून दिली.

नवरात्र आलं. घट बसायच्या दिवशी सगळ्या बायका देवळात होत्या. काकी आता काठी टेकत चालायची. आईच्या पाया पडून ती कपाटापुढे आली आणि थांबली. एकाच्या जागी दोन बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या. खूप वेळ काचेला नाक लावून बघत राहिली. मग घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत तिचं स्वतःचं जोडवं होतं, नवरा गेल्यापासून डब्यात ठेवलेलं. तिने ते काचेला टेकवून धरलं. दोन वेढे, जाड. आतल्या चकत्यांवर तेच दोन वेढे, चेपलेले.

"ह्या कागदावर काय लिवलंय?" तिने मला विचारलं.

मी वाचून दाखवलं. 

काकीने काठी भिंतीला टेकवली आणि नखाने तो कागद खरवडायला सुरुवात केली. जुना डिंक सुटेना. तिने कपच्या कपच्या काढल्या. बायका गोळा झाल्या. कोणीतरी म्हणालं, अहो काकी, पदकाचा कागद आहे तो. काकी मागे वळली नाही.

"पदक नाय ह्ये," ती बोलली. "माज्या जावंचे डोळे हायत."

आत्या दाराशी बसल्या होत्या. काकी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "बोलली का नाय गो कवा?"

आत्यांनी वर बघितलं. "ते व्हते ना," त्या म्हणाल्या.

काकी काठी न घेताच आत्यांच्या शेजारी बसली, अगदी खेटून, आणि आरती होईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. मी आरतीत मोठ्याने म्हणत होते, कारण रडणं लपवायला तेवढा एकच उपाय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. आली नाही. माणसं फाट्यावर तास-दीड तास थांबली आणि घामाघूम होऊन परत वर आली. काकी नेहमीसारखी अंगणात उभी होती. सवयीने सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आत्या पायरीवर भांडी घासत होत्या, त्यांचाही हात थांबला.

काकीने पदर सारखा केला. "डायवर झोपला असंल," ती बोलली आणि घरात गेली.